तोंडी ‘करून टाका’, जादा खडक आणि बी-1 करारातली कलमं

विचारणाऱ्यांची अडचण आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ राहील. हे मराठवाड्यातले तरुण नोंदणीकृत कंत्राटदार आहेत, स्थापत्य पदविका झालेले. त्यांनी सरकारी शाळेच्या चार खोल्यांचं काम बी-1 करारावर, म्हणजे अंदाजपत्रकावर टक्केवारी भरायच्या सरकारी छापील नमुन्यावर, घेतलं. अंदाजपत्रकी किंमत 62 लाख, निविदा 12 टक्के बिलो (म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी), मुदत 12 महिने. पाया खणताना निविदेत 40 घनमीटर दाखवलेला कठीण खडक प्रत्यक्षात 310 घनमीटर निघाला. शिवाय एका कोपऱ्यात बुजवलेली जुनी विहीर सापडली. उपअभियंता साहेब म्हणाले, “करून टाका, ईआयआरएलमध्ये (जादा बाबींच्या दरयादीत) बसवू.” यांनी केलं. आता फायनल बिलात खडक 50 घनमीटरच धरलाय, विहिरीचा एक रुपया नाही, आणि 74 दिवसांच्या उशिराबद्दल रोज 2,000 प्रमाणे 1 लाख 48 हजारांचा दंड लावलाय. त्यांनी दोन गोष्टी विचारल्यात: पैसे मिळतील का, आणि इंग्रजीतल्या त्या ऐंशी-नव्वद पानांच्या अटींमध्ये नेमकं वाचायचं काय?

मी क्वांटिटी सर्व्हेयर आहे, म्हणजे बांधकामाचं परिमाण आणि खर्च मोजणारी. गेली 26 वर्षं कंत्राटाच्या कागदांवर काम करते, त्यातली पहिली नऊ कंत्राटदाराच्या बाजूने आणि पुढची सल्लागार म्हणून, म्हणजे कधी या बाजूला, कधी त्या. तुमचं वर्णन वाचून मला वाटतं, पैसे बरेचसे मिळतील, पण सगळे मिळणार नाहीत. किती मिळतील ते तीन गोष्टींवर ठरेल. तुमच्या सहीच्या करारात कलमं छापील नमुन्याप्रमाणेच आहेत की विशेष अटींनी ती बदलली आहेत? साइट ऑर्डर बुकात, म्हणजे अभियंत्यांच्या सूचना लिहायच्या साइटवरच्या वहीत, काय लिहिलंय? आणि फायनल बिलावर तुम्ही सही केलीत का? तिसऱ्या गोष्टीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. सही झाली नसेल तर आत्ता करू नका. करावीच लागली तर सहीवर ‘खडक, विहीर व दंड याबाबतची हरकत राखून’ असं स्वतःच्या हाताने लिहा आणि त्याच दिवशी तसं पत्र देऊन पोच घ्या.

आता मूळ गोष्टीकडे येते. तुम्ही खडक, विहीर आणि उशीर या तिन्हींना मिळून ‘एक्स्ट्रा’ म्हणताय आणि तिन्हींसाठी एकच अर्ज केलाय. माझ्या मते अडचण तिथे सुरू झाली. करारात या तीन गोष्टींना तीन वेगळी घरं आहेत. प्रत्येकाचं कलम वेगळं, दर काढायची रीत वेगळी, अधिकारी वेगळा आणि मुदतही वेगळी. एकत्र मागितलं की कारकुनापासून लेखाधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाला ‘कोणत्या कलमाखाली?’ असं विचारून फाइल परत पाठवता येते, आणि त्यांचं चुकतंय असंही म्हणता येत नाही.

आधी खडक घेऊ. हा एक्स्ट्रा आयटम नाही. कठीण खडकातलं खोदकाम ही बाब तुमच्या निविदेत आहेच, फक्त तिचं परिमाण वाढलं. याला जादा परिमाण म्हणतात आणि बी-1 मध्ये त्यासाठी कलम 38 आहे. त्याचा सार असा: निविदेतली परिमाणं अंदाजी आहेत. एखाद्या बाबीचं परिमाण 25 टक्क्यांपर्यंत वाढलं तर दर बदलणार नाही. त्यापुढे गेलं, आणि त्या पुढच्या भागाची निविदेच्या दराने होणारी किंमत 5,000 रुपयांपेक्षा जास्त असेल, तर पुढच्या भागाला काम करतेवेळी चालू असलेल्या दरसूचीचा दर मिळेल. दरसूचीत नसेल तर बाजारभाव. आणि त्या दरावर तुमच्या निविदेचीच टक्केवारी लागेल, तुमच्या बाबतीत 12 टक्के कमी.

तुमच्या बिलात 50 घनमीटर कुठून आले ते यावरून कळतं: 40 अधिक 25 टक्के. म्हणजे विभागाने कलम 38 चा पहिला भाग लावला आणि दुसरा लावायचा बाकी ठेवला. उरलेले 260 घनमीटर नाकारलेत असं मला दिसत नाही. त्याची मंजुरी वरून यायची आहे, आणि ती कलम 38 खाली मागणारा स्वतंत्र कागद तुमच्याकडून गेलेला नाही.

आकडे मांडून बघा. समजा, अंदाजपत्रकात कठीण खडकाचा दर घनमीटरला 900 रुपये होता आणि काम केलं तेव्हाच्या दरसूचीत 1,000 होता. पहिल्या 50 घनमीटरचे 900 च्या 88 टक्क्यांनी 39,600 होतात. पुढच्या 260 चे 1,000 च्या 88 टक्क्यांनी 2,28,800. तुमचे खरे दर घालून हाच तक्ता करा, एका पानावर बसतो. मोजमाप पुस्तिकेत 310 घनमीटरची नोंद आहे आणि खोदण्याआधीच्या व नंतरच्या लेव्हल्सवर कनिष्ठ अभियंत्याची सही आहे, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्याकडे असलेला सगळ्यात भक्कम कागद हाच. त्या नोंदीची साक्षांकित प्रत मागा. दिली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

25 टक्क्यांचा आकडा का, हे समजलं की कलम लक्षात राहतं. निविदा भरताना तुम्ही काही परिमाण गृहीत धरून दर लावलेला असतो. 40 घनमीटरसाठी ब्रेकर दोन दिवस भाड्याने आणला तरी भागतं, 310 साठी तो महिनाभर ठेवावा लागतो. थोडा फरक दोघांनी सोसावा, पण फरक खूप मोठा झाला तर जुन्या दराचा फायदा किंवा तोटा कुणा एकाच्याच माथी पडू नये, एवढा विचार त्या कलमामागे आहे. म्हणून ते दोन्ही बाजूंनी चालतं. एखाद्या बाबीत तुम्ही दर चढा लावला असेल आणि तिचं परिमाण चौपट झालं, तर हेच कलम सरकारचं रक्षण करतं.

इथे कराराच्या प्रकाराबद्दल थोडं सांगायला हवं. बी-1 मध्ये विभागाच्या अंदाजपत्रकावर तुम्ही टक्केवारी भरता, बी-2 मध्ये प्रत्येक बाबीचा दर तुम्ही भरता. दोन्हींत पैसे मोजून मिळतात. सी नमुना ठोक रकमेचा असतो. हाच खडक सी नमुन्यात, नकाशा न बदलता निघाला असता, तर बहुतेक तो तुमच्याच खिशातून गेला असता. निविदेत ‘मी जागेची पाहणी केली आहे’ असं जे आपण न वाचता सही करून देतो, त्याचं वजन तिथे कळतं. मोजमापाच्या करारात ते वाक्य तुमचा दर पक्का करतं, मोजलेलं परिमाण खोडत नाही.

आता विहीर. हा मात्र खरा एक्स्ट्रा आयटम, कारण निविदेत विहीर भरायची बाबच नाही. याला कलम 14. या कलमाने प्रभारी अभियंत्याला कामात बदल करायचा किंवा जादा काम सांगायचा अधिकार दिलाय आणि ते करायचं बंधन तुमच्यावर टाकलंय. पण ती सूचना लेखी हवी आणि त्यावर प्रभारी अभियंत्याची सही हवी. आता स्वतःच्या करारातली व्याख्या उघडून बघा. प्रभारी अभियंता म्हणजे बहुतेक ठिकाणी कार्यकारी अभियंता. उपअभियंत्यांचं ‘करून टाका’ हे साइटवर कितीही खरं असलं तरी कलम 14 च्या भाषेत तो आदेश होत नाही. उपअभियंता साहेबांचा हेतू चांगलाच असणार. पाया उघडा पडलेला, पावसाळा जवळ, शाळेची घाई. पण त्यांची बदली होते आणि नव्या साहेबांपुढे फक्त कागद उरतो.

दराचं बघा. नव्या बाबीचा दर दरसूचीत असेल तर तो, किंवा दोघांनी ठरवलेला, यांपैकी जो कमी तो. दरसूचीतच नसेल तर आदेश मिळाल्यापासून सात दिवसांत आपला दर लेखी कळवायचा. तो मान्य नसेल तर अभियंता आदेश रद्द करू शकतो. आणि तुम्हाला लागू पडणारी ओळ यापुढे आहे: दर ठरण्याआधीच कंत्राटदाराने काम सुरू केलं तर त्याला प्रभारी अभियंता ठरवील तो दर घ्यावा लागतो. वाद झाला तर अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम.

ही ओळ वाचून बरेच कंत्राटदार हात टेकतात. पण नीट वाचा. त्यात पैसे मिळणार नाहीत असं म्हटलेलं नाही, दर ठरवायचा हक्क पलीकडे जातो एवढंच म्हटलंय. म्हणून विहिरीचे ‘1 लाख 90 हजार खर्च आला’ असं ठोक मागू नका. ते काम सुटं करा: पाणी उपसणं, गाळ काढणं, दगड भरणं, वर काँक्रीट. यातल्या बहुतेक बाबी दरसूचीत सापडतात. त्यांच्या दराने रेट ॲनालिसिस (दराची फोड) करून द्या. जी बाब दरसूचीत नाही तिला डिझेलची बिलं, पंपाच्या भाड्याची पावती, मजुरीचा हजेरीपट जोडा. अभियंत्याला स्वतःहून दर ठरवायचा असतो तेव्हा त्याला हवा असतो तो आधार, कारण उद्या लेखापरीक्षक त्यालाच विचारणार आहे. तो आधार तुम्ही हातात दिलात तर तोच दर मंजूर व्हायची शक्यता वाढते. मी सल्लागार म्हणून पलीकडे बसले तेव्हा हे मला जास्त स्पष्ट दिसलं. अधिकारी अडवतोय असं आपल्याला वाटतं, तेव्हा बऱ्याचदा तो सही करायला कागद शोधत असतो.

लेखी आदेशाच्या अडचणीवर दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे साइट ऑर्डर बुक. त्यात ‘विहीर गाळ काढून भरून घ्यावी’ असा शेरा असेल तर तारीख टिपा. कार्यकारी अभियंता नंतर साइटवर आले होते का? त्यांच्या भेटीच्या शेऱ्यात विहिरीचा उल्लेख असेल, किंवा त्यांच्या सहीच्या एखाद्या पत्रात ‘विहिरीच्या कामामुळे’ असे शब्द असतील, तर तुमची बाजू खूप सुधारते. दुसरी वाट भारतीय करार कायदा, 1872 मधल्या कलम 70 ची. कुणी कायदेशीरपणे, फुकट करायच्या हेतूने नव्हे, दुसऱ्यासाठी काही केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याला मोबदला द्यावा लागतो. हे सरकारलाही लागू होतं, हे पश्चिम बंगाल सरकारच्या एका जुन्या आणि सतत उद्धृत होणाऱ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलंय. तिथेही अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून बांधकाम झालं होतं आणि रीतसर करार नव्हता. मात्र करारात त्या गोष्टीसाठी स्पष्ट कलम असेल तर न्यायालय आधी ते कलम बघतं. म्हणून कलम 70 शेवटचा आधार समजा. पत्राची सुरुवात कलम 14 नेच करा.

व्हॉट्सॲपचं तुम्ही विचारलंय. ते दोन मेसेज जपून ठेवा. आदेश म्हणून ते लंगडे आहेत, पण विहीर निघाल्याचं विभागाला कोणत्या दिवशी माहीत होतं, याचा पुरावा म्हणून चांगले आहेत. फोन बदलू नका, निदान चॅट पूर्ण उतरवून ठेवा.

तिसरी गोष्ट उशीर आणि दंड. इथे माझं स्वतःचं एक दुखणं सांगते. 2004 साली मी एका कंत्राटदाराकडे होते. घाटरस्त्याच्या कडेच्या आधार भिंतींचं काम. विभागाने अर्धीच जागा ताब्यात दिली, उरलेल्या जागेचा वाद मिटायला चार महिने लागले. मशिन उभं, मुकादम आणि माणसं बसून. रोज विभागात जाऊन चहा पिऊन यायचो, सगळ्यांना सगळं माहीत होतं. पत्र कुणी लिहिलं नाही, कारण ‘संबंध बिघडतील’. काम संपल्यावर आम्ही बसून राहिलेल्या यंत्रांचा दावा केला. उत्तरात दोन ओळी आल्या: कलम 16 प्रमाणे कारण घडल्यापासून एक महिन्यात लेखी दावा आलेला नाही, सबब विचार करता येत नाही. दावा तयार करण्याचं काम माझं होतं. रात्र रात्र बसून केलेले तक्ते होते ते. तेव्हापासून मी कोणताही करार हातात आला की आधी त्यातले ‘दिवस’ शोधते.

बी-1 मधले दिवस असे आहेत. मुदतवाढ हवी असेल तर कलम 6: अडथळा आल्यापासून 30 दिवस, किंवा कामाची मूळ मुदत संपण्याआधी, यातलं जे आधी येईल तोवर कार्यकारी अभियंत्याकडे लेखी अर्ज. नुकसानभरपाई हवी असेल तर कलम 16: एक महिना. नव्या बाबीचा दर कळवायला कलम 14: सात दिवस. उशिराचा दंड कलम 2 मध्ये. तो दिवसाला अंदाजपत्रकी किमतीच्या 1 टक्का, किंवा अधीक्षक अभियंता ठरवतील तेवढी कमी रक्कम, आणि एकूण 10 टक्क्यांपेक्षा जास्त नाही.

कलम 2 तुमच्या बाबतीत लावून बघू. 62 लाखांचा 1 टक्का म्हणजे दिवसाला 62,000. दहा दिवसांत 6 लाख 20 हजारांची कमाल मर्यादा गाठली असती. तुम्हाला रोज 2,000 लावलेत. म्हणजे कमी रक्कम ठरवायचा अधिकार कुणीतरी वापरलाय. तो अधीक्षक अभियंत्यांचा आहे आणि त्यांचा निर्णय लेखी असावा लागतो. तो आदेश तुम्हाला मिळाला का? मिळाला नसेल तर पहिल्याच पत्रात त्याची प्रत मागा. बिल तयार करताना खालच्या कार्यालयाने नेहमीचा आकडा टाकून दिलेला असणं अगदी शक्य आहे. तसं निघालं तर तो दंड वरपर्यंत तपासायलाच लागेल.

मुदतवाढीचा अर्ज तुम्ही मुदत संपल्यावर दिलात, म्हणजे कलम 6 चे दिवस हुकले. तरीही दोन जागा शिल्लक आहेत. कलम 14 मध्येच एक तरतूद आहे की जादा कामामुळे खर्च मूळ कामाच्या ज्या प्रमाणात वाढला, त्याच प्रमाणात मुदतही वाढेल आणि ते प्रमाण प्रभारी अभियंता प्रमाणित करील. या वाढीसाठी कलम 6 चा अर्ज लागत नाही, ती जादा कामाबरोबरच येते. तुमची निविदा रक्कम 54 लाख 56 हजार. विहिरीचे 1 लाख 90 हजार धरले तर ते साडेतीन टक्के होतात, म्हणजे 365 दिवसांवर सुमारे 13 दिवस. जादा खडकाचे वर काढलेल्या तक्त्याप्रमाणे 2 लाख 36 हजारांच्या आसपास, त्याचे आणखी 15-16 दिवस. खडकाला ही तरतूद लागू होते का, यावर विभाग वाद घालेल, कारण ते कलम 38 खालचं काम आहे. मी तरी मागेन: कलम 38 स्वतःच म्हणतं की जादा परिमाण निविदेच्याच अटींवर करायचं. मिळाले तर 74 मधले 28 दिवस इथेच गेले.

दुसरी जागा नकाशांची. बीमचे नकाशे 35 दिवस उशिरा आले असं तुम्ही लिहिता. नकाशा आल्याची तारीख आवक नोंदीत आहे का बघा. पण प्रामाणिकपणे मोजा. नकाशे थांबले त्याच दिवसांत तुम्ही खडकच फोडत असाल, तर ते दिवस दोनदा मागता येणार नाहीत. एकाच आठवड्याची दोन कारणं दाखवलेला तक्ता मी सल्लागार म्हणून पाहिला की त्यातल्या खऱ्या दिवसांवरचाही माझा विश्वास कमी व्हायचा. दिवसवार पट्टी काढा: कोणत्या तारखेला कोणतं काम चालू होतं, काय अडलं होतं. मजुरांचा हजेरीपट आणि सिमेंटचं रजिस्टर यांवरून ती बनते.

आता कायद्याचं. एका महिन्याची किंवा 30 दिवसांची मुदत हुकली म्हणजे हक्क कायमचा गेला का? करार कायद्याच्या कलम 28 मध्ये 1997 साली दुरुस्ती झाली. ठरावीक दिवस उलटले की हक्कच संपतो आणि न्यायालयात जाता येत नाही, अशी करारातली अट त्या दुरुस्तीने निरर्थक ठरवली. वकील या दुरुस्तीचा आधार घेतात. पण दावा कळवायची मुदत आणि हक्क संपवणारी मुदत यांत न्यायालयं फरक करतात, आणि निकाल त्या-त्या कलमाच्या शब्दांवर जातो. त्याच कायद्याचं कलम 74 दंडाबद्दल आहे: करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, त्याच्या आत वाजवी भरपाई मिळते. 2015 साली दिल्ली विकास प्राधिकरणाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मुळात नुकसान झालेलं असणं ही कलम 74 ची अट आहे. तुमची शाळा जूनच्या आत ताब्यात गेली आणि वर्ग वेळेवर भरले असतील, तर ही गोष्ट पत्रात जरूर लिहा.

लवादाचं स्वप्न मात्र बघू नका. बी-1 च्या कलम 30 मध्ये अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम असं लिहिलंय. पुष्कळ वर्षं लोक त्यालाच लवादाचं कलम समजत होते. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ते लवादाचं कलम नाही असं स्पष्ट केलं. म्हणजे तुमची वाट अशी: कार्यकारी अभियंता, मग अधीक्षक अभियंता, मग करारात दिलेल्या मुदतीत मुख्य अभियंत्याकडे अपील, आणि तिथे न मिळाल्यास दिवाणी न्यायालय. सरकारवर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते आणि साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. चार-पाच लाखांसाठी न्यायालयात किती वर्षं घालवायची, हा हिशेब तुमचा. माझा कल अधीक्षक अभियंत्यांच्या टेबलावर हे मिटवण्याकडे आहे, आणि ते मिटतं ते तीन स्वतंत्र, नेटक्या पत्रांनी.

तुमचा दुसरा प्रश्न होता, वाचायचं काय. वर आपण जे केलं तेच वाचन. अटी म्हणजे जोखमीची आगाऊ वाटणी. जमीन वेगळी निघाली तर कुणाचं, पाऊस लांबला तर कुणाचं, नकाशा उशिरा आला तर कुणाचं, सिमेंट महागलं तर कुणाचं. प्रत्येक कलमापाशी थांबून चार गोष्टी शोधायच्या: काय घडल्यावर हे कलम जागं होतं, पैसा किंवा वेळ कुणी सोसायचा, लेखी कुणी कुणाला सांगायचं, आणि किती दिवसांत. सुरुवात विशेष अटींपासून करा, छापील अटींना त्या बदलू शकतात. कागदपत्रांचा प्राधान्यक्रम कुठे दिलाय ते बघा. नकाशात एक आणि तपशिलात दुसरं असेल तेव्हा तोच कामी येतो. मग सगळे ‘दिवस’ एका कागदावर उतरवून साइट ऑफिसच्या भिंतीवर लावा. माझ्या हाताखालच्या प्रत्येक साइटवर असा कागद असतो, मराठीत, ठळक अक्षरात, सुपरवायझरला वाचता येईल असा.

आखाती देशांत काम करणारी आपली पुष्कळ मुलं मला हेच विचारतात, तर त्यांच्यासाठी दोन ओळी. तिथे फिडिकच्या, म्हणजे सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, छापील अटी खूप चालतात. त्यांच्या 1999 च्या लाल पुस्तकात कलम 20.1 प्रमाणे घटना कळल्यापासून 28 दिवसांत नोटीस आणि 42 दिवसांत तपशीलवार दावा द्यावा लागतो. नोटीस चुकली तर वेळ आणि पैसा दोन्हींचा हक्क जातो, असं तिथे साफ लिहिलंय. अनपेक्षित खडकासाठी 4.12 हे वेगळं कलम आहे. नमुना वेगळा असला तरी वाचायची रीत हीच.

संबंध बिघडण्याच्या भीतीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण तुमच्या प्रश्नाच्या शेवटी तेच वाक्य आहे. पत्र म्हणजे तक्रार नाही. भाषा साधी ठेवली तर कुणीही दुखावत नाही. विहीर निघाली त्या संध्याकाळी एवढं गेलं असतं तरी पुरलं असतं:

“विषय: पायाच्या ईशान्य कोपऱ्यात आढळलेली विहीर. महोदय, आज दि. — रोजी खोदकामात सुमारे — मीटर व्यासाची जुनी विहीर आढळली. उपअभियंता महोदयांनी जागेवर पाहणी करून ती भरून घेण्याची तोंडी सूचना दिली आहे. ही बाब निविदेत नसल्याने कलम 14 अन्वये आपला लेखी आदेश मिळावा ही विनंती. दराचा प्रस्ताव सात दिवसांत सादर करत आहे. या कामामुळे लागणाऱ्या वाढीव मुदतीचा अर्ज कलम 6 अन्वये स्वतंत्र देत आहे. सोबत छायाचित्रे.”

यात कुणावर आरोप नाही. उलट उपअभियंत्यांनी जागेवर येऊन निर्णय घेतला याची नोंद झाली, उद्या त्यांना कुणी विचारलं तर तेही हेच दाखवतील.

आता या आठवड्यातलं काम. तीन पत्रं, तीन वेगळ्या जावक क्रमांकांनी, कार्यकारी अभियंत्यांना, प्रत अधीक्षक अभियंत्यांना. पहिलं कलम 38 खाली 260 घनमीटरचं, तक्ता आणि मोजमाप पुस्तिकेचा पान क्रमांक जोडून. दुसरं कलम 14 खाली विहिरीचं, रेट ॲनालिसिससह. तिसरं दंडाबद्दल: कलम 2 खालच्या आदेशाची प्रत मागणारं, कलम 14 प्रमाणे प्रमाणित मुदतवाढ मागणारं, आणि दिवसवार पट्टी जोडलेलं. प्रत्येक पत्रात एकच विषय. आवक शिक्का आणि तारीख असलेली प्रत स्वतःकडे.

आणि हे सगळं करण्याआधी साइट ऑर्डर बुक. ते अजून तुमच्या साइट ऑफिसात असेल तर आजच प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोरी पानंसुद्धा, पान क्रमांक दिसतील असे. फायनल बिलाबरोबर ते पुस्तक कार्यालयात जमा होतं, आणि विहिरीचा तो शेरा असेल तर त्यातच असेल.